गरिबीचा दाखला

मखमलाबाद रोड, नाशिक
१२ जानेवारी २००३

चि. जावईबापू राज यांस कोंडाजी विधाते याचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या दिवाळीच्या पत्राला उत्तर द्यायला संक्रांत उजाडली, याची आधी माफी मागतो. जावयाचे पत्र असे पडू देऊ नये हे मला कळते. पण शेवंतीचा हंगाम होता, त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि खरे सांगायचे तर काय लिहावे तेच सुचेना. दोनदा बसलो. एकदा फार कडक लिहिले गेले, एकदा फार गोड. दोन्ही कागद चुलीत घातले.

इकडे सर्व ठीक आहे. तेजस्विनी ठीक आहे. ती आमच्याच घरी आहे, आणि तेच लिहायचे होते. लग्नाला दुसरे वर्ष सरत आले. तुम्हाला आईवडील नाहीत, नांदगावला चुलत्यांनी वाढवले, त्यांचे घर लहान, म्हणून तुम्ही बोलावून घेईपर्यंत मुलीने माहेरी राहावे असे बैठकीत ठरले होते. ते मी विसरलो नाही. पण तेव्हा तुम्ही 'सहा-आठ महिने' म्हणाला होता.

फुले खुडायला शेजारची रंगूबाई येते. परवा ती सगळ्या बायांसमोर मला म्हणाली, "कोंडाजीभाऊ, लेक दिली का ठिवून घेतली?" तुमच्या सासूबाई तिला म्हणाल्या, "तुझी दिली ती दर पंधरवड्याला रुसून येती, तिचं बघ." बाया हसल्या. तेजू पलीकडच्या वाफ्यात होती. तिने ऐकले की नाही, मी विचारले नाही.

दर उन्हाळ्यात ती तिकडे न्यायला म्हणून वाळवण करते. कुरडया, बिबड्या, गवारीच्या वाळवलेल्या शेंगा. पहिल्या वर्षीचे डबे तसेच राहिले. मग गेल्या उन्हाळ्यात तिने नवे केले आणि जुने काढून स्वयंपाकाला घेतले. येत्या उन्हाळ्यात तिने पुन्हा करायला घेतले तर मला बघवणार नाही.

जावयाला विचारू नये अशी आपल्यात रीत आहे, म्हणून विचारत नाही. फक्त लोक म्हणतात ते कळवतो. लोक म्हणतात, थंड देशात माणूस फार दिवस एकटा राहत नाही. असे काही असेल तर आम्हाला कळवावे. नसेल तर म्हाताऱ्याचे बोलणे मनावर घेऊ नये.

आपला,
कोंडाजी विधाते

---

हॅमिल्टन, कॅनडा
९ फेब्रुवारी २००३

ती. मामांस राजचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र फक्त तुम्हीच वाचा. तेजूला सांगू नका. मी तिला स्वतः सांगणार आहे, पण अजून धीर झालेला नाही.

मामा, इथे दुसरे कोणी नाही. तुम्ही रीत मोडून सरळ विचारले असते तरी मला राग आला नसता.

झाले ते असे. विमानात प्रवाशांना जेवणाचे ताट देतात, ते भरण्याच्या कारखान्यात मी कामाला होतो हे तुम्हाला माहीत आहे. लग्नाच्या नोंदीचे कागद इकडे पोहोचेपर्यंत त्या वर्षीची दिवाळी आली. तोवर अमेरिकेतल्या त्या हल्ल्यामुळे विमाने कमी झाली, ताटे कमी झाली आणि आम्हाला घरी बसवले. काही महिने बेकारीचा विमा मिळाला. आज काम मिळेल, उद्या मिळेल, मग तेजूचा अर्ज भरू, असे करत राहिलो. विमा संपला. तिकडे मशीनवर काम केलेला माणूस म्हणून सगळीकडे गेलो, तर इथला अनुभव नाही म्हणून परत पाठवले. गेल्या पावसाळ्यापासून, म्हणजे तुमच्याकडच्या पावसाळ्यापासून, मी सरकारच्या मदतीवर आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला खोलीच्या भाड्यापुरते आणि पोटापुरते सरकार देते, ती मदत.

आणि इथला नियम असा की जो स्वतः त्या मदतीवर जगतो, त्याला बायकोला बोलावता येत नाही. अर्जात तसे विचारतातच. म्हणून अर्ज केलेलाच नाही. रांग मोठी आहे असे मी तुम्हा सर्वांना सांगत होतो. रांग नव्हती. मी रांगेत उभाच नव्हतो.

तेजू फोनवर विचारते, बर्फ पडले का, काय जेवलात. मी सांगतो, पडले, भात-वरण. मग परवडणारी तीन मिनिटे होतात आणि फोन ठेवावा लागतो. ठेवल्यावर मी तिथेच उभा राहतो.

मला थोडा वेळ द्या.

आपला,
राज

---

नाशिक
३ मार्च २००३

चि. जावईबापू राज यांस आशीर्वाद.

तुम्ही लिहिले होते की पत्र मी एकट्याने वाचावे. पण जावईबापू, डोळ्यांचे मी कळवले होते. मी लिहितो ते अंदाजाने, सवयीने. दुसऱ्याचे बारीक अक्षर मला आता दिसत नाही. घरात येणारी सगळी पत्रे तेजूच वाचून दाखवते. हेही तिनेच वाचले.

'तेजूला सांगू नका' हे वाक्य पहिल्याच ओळीला होते. ते तिने वाचले, आणि थांबली नाही. सगळे पत्र एका आवाजात वाचले, जसे बालवाडीत पोरांना वाचून दाखवते तसे. शेवटी तुमचे नाव वाचले, घडी केली, मला दिली आणि टोपली घेऊन मळ्यात गेली. फुले त्या दिवशी खुडायची नव्हती. तिने खुडली. कळ्यासुद्धा खुडल्या.

संध्याकाळी तिच्या आईला म्हणाली, "गरीब आहेत म्हणून मी काय त्यांना सोडून देणार होते? मला रांगेचं खोटं सांगितलं, त्याचं वाईट वाटतं." हे तुम्हाला कळवू का, असे मी विचारले. ती म्हणाली, कळवा.

आता माझे सांगतो. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी काय काय मनात आणले होते ते इथे लिहीत नाही. काम जाते आणि येते. तुमच्या मेहुण्याचे, सोमनाथचेही दोनदा गेले होते.

पण नियमाचे तुम्ही लिहिता ते काही मला पटले नाही. तुमचा समज चुकीचा असेल. सरकार ज्याला स्वतः पोसते, त्याला तर सरकार चांगले ओळखते. इथे बघा, गरिबीचा दाखला मिळावा म्हणून लोक तलाठ्याकडे जोडे झिजवतात. पिवळे रेशन कार्ड असले की घरकुल आधी, पोराची फी माफ, दवाखाना माफ. आमच्या वस्तीत ज्यांच्याकडे दोन मजली घर आहे त्यांच्याकडेही पिवळे कार्ड आहे. तुमच्याकडे तर खरा कागद आहे. तो अर्जाच्या सगळ्यात वर लावा. साहेबाच्या मनात दया आली पाहिजे. एकटा माणूस, गरीब, बायको दूर. बघा, पहिला नंबर लागतो की नाही.

तुमच्या सासूबाई विचारतात, खोलीत शेगडी आहे ना?

आपला,
कोंडाजी विधाते

---

हॅमिल्टन
२ जून २००३

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

या वेळी अक्षर मोठे काढले आहे. पण तेजूच वाचत असेल तरी हरकत नाही. तिच्याशी माझे बोलणे झाले. पहिल्या फोनला ती गप्प होती, दुसऱ्याला खूप बोलली, तिसऱ्याला हसली.

काम मिळाले. पावाची भट्टी आहे. पीठ मळायची यंत्रे बिघडतात, ती मी दुरुस्त करतो आणि उरलेला वेळ पाव भरतो. पहिला पगार झाल्यावर मदतीच्या कचेरीत जाऊन मी सांगून आलो की आता माझे नाव काढा. तिथल्या बाईंनी हात मिळवला. मला रडू येईल असे वाटले, म्हणून लवकर बाहेर पडलो.

आता अर्ज केला आहे. पूर्वी मदत घेतली हा गुन्हा नाही, आज घेत नाही एवढे पुरते. पण मामा, तुमच्या सल्ल्याबद्दल एक लिहितो, रागावू नका. इथे गरिबीचा कागद वर लावला तर दार उघडत नाही, ते लावून घेतात. मी लिहून दिले आहे की तेजू आल्यावर तीन वर्षे तिला सरकारकडे हात पसरावा लागणार नाही, तिचा भार माझ्यावर. तेव्हा आपण खाऊनपिऊन बरे आहोत, एवढेच दिसले पाहिजे.

खोलीत शेगडी आहे. मागे मिरच्या भाजून ठेचा करायला गेलो तर छताला लावलेली धुराची घंटा वाजली आणि सगळी इमारत खाली रस्त्यावर येऊन उभी राहिली. तेव्हापासून ठेचा बंद आहे. दुसरी खुर्ची घेतली आहे. जुनी आहे, पण चांगली आहे. मी तिच्यावर बसत नाही.

आपला,
राज

---

नाशिक
३० ऑक्टोबर २००३

चि. जावईबापू राज यांस आशीर्वाद.

दिवाळी झाली. झेंडूला दसऱ्याला भाव होता, दिवाळीला पडला. सोमनाथला ओवाळताना तेजू म्हणाली, पुढच्या भाऊबीजेला तू एकटाच बस. सगळे हसले, मग तुमच्या सासूबाई आत गेल्या.

तुम्हाला फोनवर कळलेच असेल, कॅनडाच्या दिल्लीतल्या कचेरीने पोलिसांचा दाखला आणि लग्नाचे आणखी फोटो मागितले. तेजूने निवडून फोटो काढले. घोड्यावरचा तुमचा, बँडवाल्यांचा, तिचा दागिने घातलेला, जेवणाच्या पंगतीचा. पंगत फोटोत पुरी मावलेली नाही, गाव जेवले होते. सगळे पाकिटात भरून तिने माझ्याकडे दिले, कारण कुरियरचे दुकान फूलबाजाराच्या वाटेवर आहे.

इथे मी एक काम केले. तुम्ही तुमचा कागद वर लावला नाही, ते तुमचे तुम्हाला. पण मुलीच्या बाजूनेही काहीतरी असावे असे मला वाटले. तलाठ्याकडून माझा उत्पन्नाचा दाखला आणला. त्याने विचारले, किती लिहू. मी म्हणालो, कमीत कमी जितके लिहिता येईल तितके. आमच्या पिवळ्या कार्डाची नक्कल जोडली. पाकीट अजून चिकटवलेले नव्हते, त्यात घातले, आणि सगळ्यात वर ठेवले. तेजूला सांगितले नाही. आता साहेबाला कळेल की बाप गरीब आहे, मुलीला नवऱ्याशिवाय आधार नाही. बघा, लवकर होते की नाही.

थंडी पडू लागली का? इथे द्राक्षवाले शेकोट्या करायला लागतील आता.

आपला,
कोंडाजी विधाते

---

हॅमिल्टन
१४ डिसेंबर २००३

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र आले त्याच आठवड्यात तेजूचा रडत फोन आला. दिल्लीहून तिला लिहून आले आहे की फोटोत घोडा, बँड, सोन्याचे दागिने आणि गावजेवण दिसते, आणि वडिलांच्या दाखल्यात दिसते की त्या घरात दोन वेळची चूल पेटणेही कठीण. दोन्ही खरे कसे? लग्न खरे की कागदासाठी मांडलेले? फेब्रुवारीत मुलाखतीला बोलावले आहे.

मामा, त्यांना वाटते की एका गरीब मुलीला इकडे पाठवण्यासाठी कोणीतरी खोटे लग्न उभे केले. नवरा स्वतः वर्षभर सरकारच्या मदतीवर होता, हेही त्यांच्यासमोर आहे. एकत्र ठेवले तर कोणालाही शंका येईल. मला सुद्धा आली असती.

मी रागावलेलो नाही. दोन दिवस रागावलो होतो. भट्टीत एक तागाचे पोते लाथेने फाडले, मग शिवून दिले. तुम्ही माझ्यासाठी आणि तिच्यासाठीच केले हे मला कळते. पण आता तुमच्या मनाने काही करू नका. कोणाची ओळख काढू नका, तलाठ्याकडून दुसरा मोठ्या रकमेचा दाखला आणू नका. विचारतील ते खरे सांगायचे, एवढेच.

नकार आला तर पुन्हा सगळे पहिल्यापासून. मला ते जमेल, पण तिला अजून दोन वर्षे थांब असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

आपला,
राज

---

नाशिक
२२ फेब्रुवारी २००४

चि. जावईबापू राज यांस आशीर्वाद.

दिल्लीहून परवा आलो. फोनवर तेजूने तुम्हाला थोडे सांगितले असेल, पण ती स्वतःबद्दल कमी सांगते, म्हणून मी लिहितो.

तुमचे डिसेंबरचे पत्र आल्यापासून मी जेवलो नाही असे तुमच्या सासूबाई सगळ्यांना सांगतात. ते खोटे आहे, जेवत होतो. पण दुसरा दाखला आणायला मी निघालो होतो हे खरे आहे. तुमचे पत्र वाचताना तेजू त्या ओळीला थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग मी टोपी काढून खुंटीला अडकवली.

नाशिक रोडहून गाडीत बसलो. ती, मी आणि सोमनाथ. गाडीत मी तिला शिकवत होतो, असे विचारले तर असे सांग. ती खिडकीबाहेर बघत होती. शेवटी म्हणाली, "आबा, तुम्ही झोपा."

आम्हाला दारातच थांबवले. एकटी आत गेली. बाहेर थंडी इतकी की सोमनाथने माझ्या कानाला मफलर बांधला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. चहाच्या टपरीवर उभे राहून तिने सांगितले.

आत एक गोरी बाई होती आणि एक हिंदी बोलणारी. आधी तुमच्याबद्दल विचारले. नवरा मदतीवर होता हे तुला माहीत होते का? कधी कळले? तेजूने सांगितले, वडिलांना दिसत नाही म्हणून ते पत्र मीच त्यांना वाचून दाखवले, आणि त्यात मला सांगू नका असे लिहिले होते. बाईने दोनदा विचारून खात्री केली. मग विचारले, काय काय लिहिले होते? तेजूने ते पत्र सगळे तोंडपाठ म्हणून दाखवले. ताटांच्या कारखान्यापासून तीन मिनिटांच्या फोनपर्यंत. तिला ते पाठ आहे हे मला माहीत नव्हते.

मग फोटो आणि माझा दाखला शेजारी शेजारी मांडून विचारले, तुझे वडील गरीब आहेत की श्रीमंत?

तेजू म्हणाली, "लग्नाच्या दिवशी श्रीमंत होते, तलाठ्यासमोर गरीब होते. घरी दोन्ही नाहीत. फुलं विकतात." दाखला का जोडला असे विचारले तर म्हणाली, आमच्याकडे सरकारच्या दारात गरीब होऊनच जायचं असतं, त्यांना वाटलं सगळीकडे तसंच असेल.

हिंदी बोलणारी बाई खाली मान घालून हसली, असे तेजू म्हणते. गोरी हसली नाही. कळवू म्हणाली.

मला वाईट वाटले नाही. खरे तर वाटले. पण तिने माझ्याबद्दल सांगितले ते बरोबरच आहे.

आता कळवतील तेव्हा. या वर्षी ती वाळवणाचे नाव काढत नाही. मागे मी म्हणालो होतो की तिने पुन्हा केले तर बघवणार नाही. करत नाही, तेही बघवत नाही.

आपला,
कोंडाजी विधाते

---

हॅमिल्टन
९ मे २००४

ती. मामा,

दिल्लीने तिचा पासपोर्ट मागवला, म्हणजे झाले. तिकीट जूनच्या शेवटचे काढतो. आज भट्टीत सगळ्यांना पेढे म्हणून जिलेबी वाटली. त्यांना फरक कळत नाही.

तिच्याबरोबर काही पाठवू नका. तिला पाठवा.

राज

---

नाशिक
२८ जुलै २००४

चि. तेजस्विनीस आबांचे अनेक आशीर्वाद.

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे. आजवर लिहायची गरज पडली नाही, तू घरातच होतीस. वर 'चि. सौ.' लिहायचे की नुसते 'चि.', हे तुझ्या आईला विचारले. ती म्हणाली, लिहा काहीही, पण लिहा.

तू गेल्यावर जावईबापूंचा फोन आला की पोहोचली. मग तू बोललीस, 'पोहोचले, आबा' एवढेच ऐकू आले आणि फोन कटला. त्याला महिना झाला. नंतर दोनदा फोन आला तेव्हा मी मळ्यात होतो. तुझी आई म्हणते, बरी आहे. कशी बरी आहे असे विचारले तर म्हणते, बरी म्हणजे बरी.

अधिक महिना लागला. जावयाला वाण द्यायचा महिना. तुझ्या आईने अनारसे केले. तुम्ही दोघे तिकडे, द्यायचे कोणाला? मी म्हणालो देवळात देऊ. तिने अर्धे देवळात दिले आणि अर्धे डब्यात भरून फडताळात वर ठेवले. ते कोणासाठी, हे मी विचारले नाही.

मोगऱ्याची छाटणी झाली. सोमनाथ नाशिक रोडला राहायला गेला, रविवारी येतो. हे पत्र लिहून झाले की एकदा बघायला म्हणून तोच वाचेल, तेव्हा त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तुला एक सांगायचे होते. जावईबापूंचे काम पुन्हा गेले तर घाबरू नकोस, पण लपवूही नका. कागदावर त्यांनी तुझा भार घेतला आहे. कागदाबाहेर तो अजून माझ्यावरही आहे असे मी समजतो. त्यांना हे सांगू नकोस, जावयाला वाईट वाटेल.

रात्री झोप लागते का? थंडीला अजून वेळ आहे ना? पाणी सोसले का? भट्टीवरून ते येईपर्यंत तू एकटी काय करतेस? खिडकीतून काय दिसते तेही मला ठाऊक नाही. इथे होतीस तेव्हा समोर बसलेली असायचीस, तरी मी कधी विचारले नाही की तेजू, काय वाटते. आता विचारतो तर उत्तराला तीन आठवडे लागतात.

फूलबाजारात, वस्तीत, देवळात, सगळे विचारतात. रंगूबाई तर रोज विचारते, आता टोमणा नसतो तिच्या बोलण्यात. मी सगळ्यांना सांगतो, मजेत आहे. हे मी माझ्या मनाने सांगतो आहे. आज महिनाभर सांगतो आहे.

ते खरे आहे की नाही, तेवढे लिही. लांबलचक नको. खरे असेल तर तसे, नसेल तर तसे. पण लवकर लिही.

तुझे,
आबा